नव्या सीएमओला विकताना: पहिला मेल कधी, काय लिहून आणि तो पुढे कुणाकडे जातो

पुण्याहून एकांनी विचारलंय: "आमची छोटी कंपनी आहे. जाहिरातखर्चाचा विक्रीवर किती परिणाम होतो, ते मोजणारं सॉफ्टवेअर आम्ही विकतो. कुठेही नवा मार्केटिंग हेड किंवा सीएमओ (चीफ मार्केटिंग ऑफिसर) आल्याचं लिंक्डइनवर दिसलं की त्याच दिवशी अभिनंदन आणि डेमोचं निमंत्रण पाठवतो. नवा माणूस बदल करायलाच आलेला असतो, असं सगळे म्हणतात. पण उत्तरच येत नाही. आता ऑगस्टमध्ये एका पॅकेज्ड फूड कंपनीत नव्या सीएमओ रुजू झाल्या आहेत. त्यांच्याशी कसं बोलावं?"

मी मुंबईत बरीच वर्षं हेच काम केलंय. आधी मीडिया एजन्सीकडून, नंतर मार्केटिंग सॉफ्टवेअरच्या विक्रीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवा सीएमओ बदल करतो, हे खरंच आहे. जाहिरात एजन्सीचा रिव्ह्यू निघतो, पिच (नव्या एजन्सींचे प्रस्ताव) बोलावली जाते, जुनी टूल्स बंद होतात. पण हे रुजू झाल्याच्या आठवड्यात होत नाही. पहिले काही आठवडे तो नुकताच चार्ज घेतलेल्या अधिकाऱ्यासारखा दप्तर तपासत असतो. कुठले करार चालू आहेत, किती पैसे आधीच शब्द देऊन अडकलेत, कुठल्या प्रेझेंटेशनमधला आकडा खरा, टीममध्ये कुणावर विसंबता येईल. तुमचं निमंत्रण नेमकं त्याच दिवसांत पोचतं, आणि तसंच निमंत्रण आणखी ढिगाने आलेलं असतं. त्या वेळी "तीस मिनिटांचा डेमो" हे त्याच्या डोक्यावरचं आणखी एक ओझं असतं.

शिवाय ही खुर्ची फारशी स्थिर नाही, हे तिच्यावर बसणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांमध्ये सीएमओ सरासरी साधारण चार वर्षं टिकतो, सीईओपेक्षा कमी, असं स्पेन्सर स्टुअर्ट ही वरिष्ठ अधिकारी शोधून देणारी संस्था वर्षानुवर्षं मोजून सांगते आहे. कोका-कोलाने २०१७मध्ये सीएमओ हे पदच काढून टाकलं आणि २०१९च्या अखेरीस परत आणलं. मॅकडोनाल्ड्सनेही २०१९मध्ये जागतिक सीएमओचं पद रिकामं सोडलं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा भरलं. घाईत केलेला बदल किती महागात पडतो, ते या धंद्यातल्या प्रत्येकाला ट्रॉपिकाना ज्यूसवरून माहीत आहे. जानेवारी २००९मध्ये नवं पॅकिंग बाजारात आलं, ग्राहक नाराज झाले, विक्री घसरली आणि काही आठवड्यांतच जुना खोका परत आणावा लागला. त्यामुळे समोरच्या माणसाला पहिला निर्णय असा हवा असतो की जो सीएफओपुढे (वित्त विभागाच्या प्रमुखापुढे) बसून समजावता येईल. तुम्ही विकताय ते त्या निर्णयाला आधार देतं का, इतकंच तो बघतो.

आधी घरचा अभ्यास

लिंक्डइन हे बातमी कळण्याचं सगळ्यात उशिराचं ठिकाण आहे. कंपनी लिस्टेड असेल तर बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर घोषणा बघत जा. जुलै २०२३पासून सेबीच्या नियमांनुसार 'सीनियर मॅनेजमेंट'मधले बदलही एक्स्चेंजला कळवावे लागतात, आणि निरनिराळ्या विभागांचे प्रमुख त्यात येतात. जाणाऱ्याचं राजीनाम्याचं पत्रसुद्धा राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांत जाहीर करावं लागतं. पत्रात बहुधा "वैयक्तिक कारणांमुळे" एवढंच असतं, पण शेवटच्या दिवसाची तारीख असते. वरिष्ठ पदावर तीन महिन्यांचा नोटीस पिरियड आपल्याकडे नेहमीचाच. म्हणजे जुना माणूस जाणार हे कळल्यापासून नवा येऊन बसेपर्यंत तुम्हाला अभ्यासाला भरपूर अवधी मिळतो. तो मेसेज पाठवण्यात घालवू नका.

त्या अवधीत तिमाही निकालांनंतरच्या ॲनालिस्ट कॉलचे (शेअर बाजाराच्या विश्लेषकांशी कंपनीच्या बोलण्याचे) प्रतिलेख वाचा. लिस्टेड कंपन्या ते आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. सीईओ तिथे काय बोलून बसलेत ते शोधा. "जाहिरात आणि प्रमोशनचा खर्च विक्रीच्या अमुक टक्क्यांवर ठेवू", "पुढच्या दोन तिमाहींत व्हॉल्यूम वाढेल", "ग्रामीण बाजार परत येतोय". ही वाक्यं नव्या सीएमओच्या मानेवर बसणार असतात. मुलाखतीच्या वेळी त्यांना जे सांगितलं गेलं ते तुम्हाला कळणार नाही, पण बाजाराला काय सांगितलंय ते उघड आहे. माझ्या ओळखीतले बहुतेक विक्रीवाले हे प्रतिलेख उघडतही नाहीत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. फुकटात मिळणारी इतकी चांगली माहिती दुसरी नाही.

मग दुकानं फिरा. डी-मार्टचं शेल्फ बघा, चार किराणा दुकानदारांना विचारा की माल कोण आणून देतो आणि स्कीम काय आहे, क्विक कॉमर्सच्या (काही मिनिटांत घरपोच देणाऱ्या) ॲपवर वेगवेगळे पिनकोड टाकून त्या प्रकारातला माल शोधून बघा. पुढे जो मेल लिहायचाय त्याचा सगळा जीव यात आहे.

माणूस आला कुठून आणि सही कुणाची

आतूनच बढती मिळालेल्या सीएमओला बाहेरच्याचं निरीक्षण फारसं नको असतं, त्याला सगळं माहीत असतं. त्याला जुनी अडलेली कामं सोडवून हवी असतात. दुसऱ्या क्षेत्रातून आलेल्याला, म्हणजे समजा साबण-शाम्पूतून बँकेत आलेल्याला, त्या क्षेत्राची समज हवी असते, पण ती नाही हे टीमपुढे दाखवायचं नसतं. दोघांशी बोलण्याचा सूर वेगळा ठेवावा लागतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त गफलत होते ती तिसऱ्या प्रकारात. कोल्हापूर, सांगली, नाशिक, पुणे, जळगाव इथल्या घरच्या कंपन्या मोठ्या होतात आणि मुंबईच्या एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीतून पहिला 'प्रोफेशनल' मार्केटिंग हेड आणतात. पद सीएमओचं असतं, व्हिजिटिंग कार्ड छान असतं, पण ठरावीक रकमेच्या वरचा चेक आजही मालकांच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या सहीशिवाय निघत नाही. गावोगावचे वितरक थेट साहेबांना फोन करतात. वर्षानुवर्षं कॅलेंडर आणि दुकानांच्या पाट्या छापणारा माणूस घरातल्या लग्नाला असतो. नवीन आलेला मार्केटिंग हेड पहिल्या दिवसापासून दोन आघाड्यांवर असतो: बाहेर स्पर्धा आणि आत "आमच्याकडे असं नाही करत".

अशा ठिकाणी तुम्ही सीएमओला एकट्याला पटवून उपयोग नाही, आणि त्याला डावलून साहेबांकडे गेलात तर तो तुमचं नाव कायमचं लक्षात ठेवेल. त्याच्याकडून साहेबांपर्यंत जाईल असं काहीतरी त्याच्या हातात द्यायचं. साहेबांना 'ब्रँड इक्विटी' ऐकायची नसते. "लातूर आणि नांदेडमध्ये टीव्हीचा खर्च सारखाच, पण दुकानातून माल उचलला जातोय फक्त लातूरमध्ये, नांदेडचा वितरक बदलल्यापासून पुरवठा तुटतोय" असं एक वाक्य त्यांना दहा स्लाइडपेक्षा जास्त कळतं. आणि ते वाक्य साहेबांसमोर बोलणारा मार्केटिंग हेड असला पाहिजे. तुम्ही मागे राहा.

मोठ्या कंपन्यांतही सहीचे अधिकार ठरलेले असतात. कुठल्या रकमेपर्यंत सीएमओ स्वतः मंजुरी देऊ शकतो आणि कुठून पुढे प्रोक्युअरमेंट (खरेदी विभाग), आयटी, लीगल आत येतात, हे पहिल्या-दुसऱ्या भेटीत सरळ विचारावं. विचारण्यात काही गैर नाही. उलट त्यावरून तुम्हाला काम कळतं, हे दिसतं.

वर्षाचं गणित

"पहिले शंभर दिवस" हा शब्दप्रयोग सगळीकडे फिरतो. पण माझ्या मते रुजू झाल्याची तारीख आणि कंपनीचं बजेटचं वर्ष, या दोन्ही गोष्टी एकत्र बघितल्याशिवाय शंभर दिवसांना काही अर्थ नाही. एप्रिल-मार्च वर्ष असलेल्या कंपनीत पुढच्या वर्षाचा प्लॅन, म्हणजे एओपी, साधारण डिसेंबर-जानेवारीपासून आकार घेतो आणि मार्चपर्यंत बंद होतो. गणपती ते दिवाळी हा खर्चाचा मोठा हंगाम, त्याची मीडिया खरेदी जुलै-ऑगस्टमध्ये बऱ्यापैकी ठरलेली असते. मग आयपीएल, ज्याचे सौदे हिवाळ्यात सुरू होतात.

म्हणजे नोव्हेंबरमध्ये रुजू झालेला सीएमओ तुमच्यासाठी सोन्यासारखा: दोन महिने समजून घेण्यात गेले की थेट प्लॅन बनवायला बसतो. एप्रिलमध्ये आलेल्याच्या हातात दुसऱ्याने आखलेला प्लॅन असतो आणि त्यात नवी ओळ घालायला जागा नसते. त्याला मोठा करार विकायला जाऊ नका. उरलेल्या पैशांतून होईल असं छोटं काम मागा. परदेशी कंपनी असेल तर मूळ कंपनीचं वर्षही बघा. हिंदुस्तान युनिलिव्हर एप्रिल-मार्च चालते, पण युनिलिव्हरचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलचं जागतिक वर्ष जुलै ते जून. जागतिक टूल्सचे निर्णय त्या घड्याळावर चालतात आणि इथला सीएमओ कितीही अनुकूल असला तरी काही वेळा त्याच्या हातात काही नसतं.

पहिला मेल मी साधारण दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर पाठवतो. तोवर माणसाला प्रश्न पडलेले असतात आणि उत्तरं पक्की झालेली नसतात.

मेल, आणि तो पुढे कुठे जातो

या उत्तरातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. तुम्ही सीएमओला लिहिलेला मेल सीएमओ वाचतो आणि पुढच्या मिनिटाला "प्लीज सी" एवढं लिहून खाली पाठवतो. तो जातो ब्रँड मॅनेजरकडे किंवा डिजिटल हेडकडे. म्हणजे ज्यांच्या कामात तुम्ही त्रुटी काढलीय, नेमकं त्यांच्याकडे. नव्या साहेबासमोर आपली जागा टिकते की नाही, या काळजीत तो माणूस आधीच असतो. तुमच्या मेलमध्ये "तुमचं बजेट वाया जातंय" असं असेल, तर तो दुपारपर्यंत तीन मुद्दे काढून सिद्ध करेल की तुमचं म्हणणं चुकीचं आहे, आणि त्यातले दोन बरोबरही असतील. विषय संपला.

म्हणून मेल असा लिहायचा की तो खालच्या माणसाला वाचताना मान खाली घालावी लागू नये. आणि त्याला उत्तर देण्याजोगा एक खरा प्रश्न मिळावा. मसाल्याच्या एखाद्या ब्रँडसाठी मी साधारण असं लिहीन:

"नमस्कार मॅडम. क्विक कॉमर्सबद्दल एक छोटं निरीक्षण पाठवतोय. पुणे आणि नाशिकच्या काही पिनकोडवर 'मिसळ मसाला' शोधल्यावर आपलं उत्पादन पहिल्या दोन ओळींत दिसत नाही. आपल्या ब्रँडचं नाव टाकून शोधल्यावर मात्र वरची जागा 'प्रायोजित' दिसते. स्पर्धक आपल्या नावावर बोली लावत असल्यामुळे टीमने ती जागा मुद्दाम धरून ठेवली असेल, तर ते योग्यच आहे. तसं नसेल, तर नावाच्या शोधावरचा थोडा खर्च दोन आठवडे 'मिसळ मसाला'सारख्या प्रकाराच्या शोधाकडे वळवून बघता येईल. तारखेसह स्क्रीनशॉट जोडले आहेत. आपल्या टीमला उपयोगी पडले तर जरूर वापरावेत."

यात डेमो नाही, कंपनीची ओळख सहीखालच्या एका ओळीत आहे, आणि टीमच्या बाजूने असू शकणारं कारण आपणच आधी मांडलंय. ते खोटं सौजन्य नाही. बाहेरून दिसणाऱ्या गोष्टीमागे आतलं कारण असतं, हे कित्येकदा खरं निघतं. स्वतःच्या नावावर जाहिरात करण्याचा प्रश्न तर खरोखर दुहेरी आहे. ईबेने २०१२मध्ये काही सर्च इंजिनांवर आपल्या नावाच्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तेव्हा जवळजवळ सगळी माणसं खालच्या फुकट लिंकवरून आलीच. तो अभ्यास २०१५मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त छापून आला. पण ईबे हे घरोघरी माहीत असलेलं नाव होतं. सांगलीच्या ब्रँडला तोच नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. मेलमध्ये हा अभ्यास फेकू नका. भेट झाली तर बोलायला ठेवा.

उत्तर बहुधा सीएमओकडून येत नाही, डिजिटल हेडकडून येतं. ते उत्तर आलं की तीच तुमची पहिली खरी भेट समजा. त्याला सीएमओच्या निम्म्या महत्त्वाचा समजलात तर पुढे दार उघडणार नाही. तीन वर्षांनी सीएमओ कदाचित दुसरीकडे गेलेला असेल, हा माणूस तिथेच किंवा आणखी वर असेल.

तुमच्या उत्पादनाबद्दल

तुम्ही विकताय तो मार्केटिंग मिक्स मॉडेलिंगचा (कुठल्या खर्चामुळे किती विक्री झाली, याचा आकडेमोडीने अंदाज काढण्याचा) प्रकार आहे, असं धरून बोलतो. कुठलीही शहाणी टीम विचारेल की याच कामाचं मेटाचं रॉबिन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, गुगलने जानेवारी २०२५मध्ये आपलं मेरिडियन सगळ्यांना खुलं केलं, मग तुम्हाला पैसे का द्यायचे? "आमचं अल्गोरिदम चांगलं आहे" हे उत्तर चालणार नाही.

खरं उत्तर डेटामध्ये आहे. आपल्याकडच्या खाद्यपदार्थांच्या कंपनीत वित्त विभागाकडून मिळणारा विक्रीचा आकडा बहुधा प्रायमरी असतो, म्हणजे कंपनीने वितरकाला घातलेला माल. सेल्स टीमचं टार्गेट महिनाअखेरीला पुरं करायचं असतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात वितरकाच्या गोदामात माल ढकलला जातो. हा आकडा मॉडेलला दिला तर मॉडेल सांगतं की महिन्याच्या शेवटी लागलेल्या जाहिराती जोरात चालतात! दुकानदाराने किती उचललं, ती सेकंडरी विक्री वितरकाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असते. ती काही वितरकांकडून रोज येते, काहींकडून एक्सेलमध्ये, काहींकडून येतच नाही. हा गुंता सोडवून देणारा माणूस नव्या सीएमओला हवाच असतो, कारण सेल्स हेड आणि सीएफओ दोघांशी बोलताना त्याला एकच आकडा लागतो. रॉबिन किंवा मेरिडियन हे काम करून देत नाही. तुम्ही हे करू शकत असाल तर तेच विका, मॉडेल त्याच्या मागून येईल.

पायलटही, म्हणजे आधीची छोटी चाचणीही, तसाच नेमका ठेवा. एक प्रॉडक्ट, मिळत्याजुळत्या जिल्ह्यांच्या दोन-तीन जोड्या, जोडीतल्या एका ठिकाणी खर्च बदलायचा आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, आणि सणाचे आठवडे वगळायचे. काय दिसलं तर यश म्हणायचं, हे सुरू करण्याआधी डिजिटल हेड आणि वित्त विभागाच्या एका माणसासमोर लिहून घ्या. फुकट पायलट देऊ नका. फुकट कामाला टीममधला कुणी वेळ देत नाही, डेटा येत नाही आणि मग काहीच सिद्ध होत नाही. सीएमओच्या स्वतःच्या मंजुरीत बसेल अशी रक्कम सांगा.

कागदपत्रं आधीच तयार ठेवा. कुठला डेटा कुठे साठतो याचं एक पान लागेलच. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, त्यामुळे लीगल हे विचारल्याशिवाय सोडत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर करून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. वित्त विभागाला हे पाठ असतं.

तुमचा जुना सीएमओ गेला तर

हे तुम्ही विचारलं नाही, पण छोट्या कंपन्या यातच मार खातात. एखाद्या ग्राहकाकडे सीएमओ बदलला की तुम्ही 'आधीच्यांनी आणलेले' ठरता. नव्याने बोलावण्याची वाट बघू नका. टीममार्फत चार पानं पाठवा: करार कधी संपतो, कोण काय वापरतंय, काय चाललं, काय चाललं नाही आणि काय बंद केलं तरी नुकसान नाही. शेवटचा मुद्दा लिहायला जिवावर येतं, कारण त्यात आपलं बिल कमी होतं. पण नव्या सीएमओला कुणीतरी पहिल्यांदाच खरं सांगतं, आणि खर्च कापायची यादी तो करतच असतो.

आणि जो गेला, तो दुसऱ्या कंपनीत सीएमओ झाला तर त्याच्यामागे लगेच धावू नका. आल्या आल्या जुना व्हेंडर आणला की आत कुजबुज सुरू होते. त्याला स्थिरावू द्या, आणि बोलावलं तर पूर्ण टेंडर प्रक्रियेतून जायची तयारी दाखवा.

आता तुमच्या ऑगस्टच्या मॅडम. दिवाळीचा खर्च त्यांच्या येण्याआधीच ठरलाय, त्यात हात घालू नका. म्हणून दुसऱ्या महिन्यातल्या मेलचा माझा नेहमीचा हिशोब इथे लावू नका. आत्तापासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला त्यांच्या मालाचं शेल्फ, किंमत आणि क्विक कॉमर्सवरची जागा नोंदवून ठेवा. हंगामातली ही नोंद नंतर पुन्हा मिळवता येत नाही. भाऊबीज झाल्यावर एक आठवडा जाऊ द्या, मग ती एका पानात मांडून पाठवा. सोबत एकच प्रश्न लिहा: दिवाळीचा परिणाम त्यांची टीम प्रायमरीवर मोजते आहे की सेकंडरीवर?